आयुष्याचा ताळेबंद कसा मांडावा: समाधान आणि समतोल तपासण्याची वहीवरची पद्धत

खान्देशात सालदाराचं, म्हणजे वर्षाच्या बोलीवर शेतात राबणाऱ्या गड्याचं, वर्ष अखाजीला (अक्षय्य तृतीयेला) संपतं आणि अखाजीलाच नवं सुरू होतं. उचल किती घेतली, धान्य किती गेलं, देणं किती राहिलं, हे त्या दिवसांत मांडलं जातं. शेताचा, दुकानाचा, गावच्या सहकारी सोसायटीच्या कर्जाचा हिशेब होतो, पण आपण स्वतः कसे आहोत हे मांडायची सवय बहुतेकांना नसते. तब्येत, घरची माणसं, देणंघेणं, झोप, विसावा यांतलं काय बरं चाललंय आणि काय मागे पडलंय, हे तपासायला दोनशे पानी वही, पेन आणि दोन निवांत तास पुरतात. पद्धत सोपी आहे. मात्र आकडे घाईने भरले तर हाती काहीच लागत नाही, म्हणून खालच्या पायऱ्या क्रमाने घ्या.

वेळ नीट निवडा

कापूस विकून पैसे हातात आले त्या दिवशी सगळंच छान वाटतं. वादळाने केळीचा बाग आडवा झाला त्या संध्याकाळी काहीच चांगलं दिसत नाही. त्या दिवशीचं मन सगळ्या आयुष्याला रंग लावतं, म्हणून एकाच बैठकीवर विसंबू नये. दोन बैठका घ्या, मध्ये सात-आठ दिवस जाऊ द्या. दुसऱ्या वेळी पहिल्या बैठकीचे आकडे बघू नका. दोन्हींत एका गुणाचा फरक पडला तर सोडून द्या. तीन किंवा जास्त पडला तर त्या बाबतीत मन अजून ठरलेलं नाही, तिथे तिसऱ्यांदा विचार करा.

सासुरवाशिणीला अखाजीला माहेरी दोन-चार दिवस मोकळे मिळतात. पहिली बैठक तिथे जरूर घ्यावी, पण दुसरी सासरी परत आल्यावर, रोजचं काम सुरू झालं की घ्यावी. एकट्या माहेरच्या आकड्यांवरून वर्षाचा अंदाज चुकतो.

जागा अशी हवी की वहीत कोणी डोकावणार नाही. ओट्यावर चारचौघांत बसून भरलेले गुण लोकांसाठी भरलेले असतात.

कप्पे पाडा

आठ ते दहा कप्पे बरे. सहाच्या खाली गेलात तर वेगळ्या गोष्टी एकात दडतात, दहाच्या वर गेलात तर कंटाळा येतो आणि शेवटचे गुण ढकलले जातात. अमेरिकेतले पॉल मेयर यांनी १९६० च्या दशकात प्रचारात आणलेलं ‘जीवनचक्र’ अशाच कप्प्यांचं असतं: वर्तुळाच्या फाका करायच्या आणि प्रत्येक फाक गुणांइतकी रंगवायची. त्यातले तयार कप्पे मात्र जसेच्या तसे उचलू नयेत. आपल्याकडे ‘कुटुंब’ हा एक कप्पा पुरत नाही. नवरा-बायकोचं नातं, मुलं, म्हातारे आईवडील आणि भाऊबंद ही चार वेगळी खाती आहेत. मुलांशी उत्तम चाललेलं असतं आणि बांधावरून चुलत्याशी बोलणं बंद असतं. दोन्हींची सरासरी काढून ‘कुटुंब: ५’ लिहिलं तर त्या पाचाचा काहीच उपयोग नाही.

सुरुवातीला ही यादी घ्या आणि आपल्याप्रमाणे बदला: शरीर, मन, कमाई, देणं, काम किंवा शेती, जोडीदार, मुलं, आईवडील, भाऊबंद आणि गणगोत, विसावा, वाचन, भजन, छंद. ज्यांना मुलं नाहीत किंवा आईवडील हयात नाहीत, त्यांचे कप्पे आपोआप कमी होतील. बाकीच्यांनी ज्या कप्प्यात सध्या काहीच घडत नाही तो गाळावा किंवा जवळच्या दुसऱ्यात मिसळावा.

कमाई आणि देणं मुद्दाम वेगळं ठेवा. चांगली कमाई असूनही देण्यामुळे झोप उडालेली माणसं प्रत्येक गावात आहेत. स्त्रियांनी दोन कप्पे जरूर घालावेत: स्वतःच्या हातातला पैसा, आणि स्वतःचा वेळ. घरात पैसा आहे म्हणून तो आपल्या हातात आहे असं होत नाही.

शून्य म्हणजे काय आणि दहा म्हणजे काय, ते आधी लिहा

सर्वांत जास्त वेळ इथे द्या. हीच पायरी लोक गाळतात आणि मग सगळीकडे सात-सात लिहून मोकळे होतात.

हॅडली कँट्रिल या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९६५ मध्ये एक शिडी मांडली. खालची पायरी ० म्हणजे तुमच्या दृष्टीने वाईटात वाईट आयुष्य, वरची १० म्हणजे तुमच्याच दृष्टीने चांगल्यात चांगलं. तुम्ही सध्या कोणत्या पायरीवर उभे आहात, एवढंच विचारायचं. वर्ल्ड हॅपिनेस रिपोर्टमधले देशांचे क्रम आजही याच प्रश्नाच्या उत्तरांवरून लागतात. या शिडीची खुबी अशी की दोन्ही टोकं ज्याची त्याने ठरवायची असतात. सुरतेत फ्लॅट घेतलेल्या मावसभावाचं आयुष्य तुमचं दहा नसतं.

प्रत्येक कप्प्यासाठी अशी शिडी करा. ‘देणं’ या कप्प्याचा नमुना पाहा:

० : सोनं गहाण आहे, सोसायटीचं कर्ज थकलं आहे, फोन वाजला की धस्स होतं.
५ : हप्ते जातात, पण बियाणं-खताला दरवर्षी उसनवारी करावी लागते.
१० : पेरणीचा खर्च घरातून निघतो, मुलीची फी वेळेवर भरली जाते, तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे.

प्रत्येक ओळीत डोळ्यांना दिसणारी किंवा मोजता येणारी गोष्ट हवी. ‘सुखी असणं’, ‘टेन्शन नसणं’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी तुलना करता येत नाही. ‘रात्री सलग सहा तास झोप लागते’ असं लिहिलं तर करता येते. दहा कप्प्यांच्या शिड्या लिहायला तासभर जातो, तो जाऊ द्या. त्या एकदाच लिहायच्या आहेत, पुढे वर्षानुवर्षं कामी येतात.

गुण द्या, पण ७ वापरू नका

आता प्रत्येक कप्प्याला ० ते १० गुण द्या आणि शेजारी एका ओळीत कारण लिहा. सातचा आकडा वर्ज्य करा. तो ‘तसं बरं आहे’ म्हणून निसटायची जागा आहे. सहा द्यायचे की आठ, हे ठरवावं लागलं की माणूस खरंच विचार करतो.

कारणाची ओळ सुचत नसेल तर गुण अंदाजाने पडला आहे, पुन्हा बघा. आणि कारणात ‘लोक म्हणतात’, ‘गावात नाव आहे’ असे शब्द आले तर तो तुमच्या प्रतिष्ठेचा गुण झाला, समाधानाचा नाही. लग्नकार्यात पाच हजार पानं उठवलेल्या माणसाला गणगोताच्या कप्प्यात मनापासून तीन द्यावेसे वाटत असतील तर त्याने तीनच द्यावेत.

शेतकऱ्यांनी ‘शेती’ या कप्प्यात भाव मिसळू नये. केळीचा भाव पडला, करपा आला, मे-जूनच्या वादळात खोडं मोडली, हे कमाईच्या खात्यात जाईल. शेतीच्या खात्यात एवढंच विचारा: हे काम मला आवडतं का, त्याची पद्धत माझ्या ताब्यात आहे का, शरीराला झेपतं का. दोन्ही एकत्र केलं तर मंदीच्या वर्षी शेतीच नकोशी वाटते आणि तेजीच्या वर्षी उगाच जास्तीची जमीन बटाईने घेतली जाते.

‘मन’ या कप्प्यात ० ते २ गुण येत असतील, दोन आठवड्यांहून अधिक काळ झोप-भूक गेली असेल, किंवा जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील, तर वही बाजूला ठेवा. सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, फोनला पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. घरातल्या एका माणसाला त्याच दिवशी सांगा. असे गुण कोणी तुम्हाला दाखवले तर समजावत बसू नका. त्याला एकटं सोडू नका आणि सोबत घेऊन डॉक्टरकडे जा.

महत्त्व मोजा आणि गुणाकार करा

रंगवलेलं चाक गोल दिसलं म्हणजे समतोल साधला, असं बऱ्याच ठिकाणी सांगितलं जातं. हे मान्य करण्यासारखं नाही. सगळ्या कप्प्यांत चार-चार गुण असले तरी चाक गोलच दिसतं. उलट मूल सहा महिन्यांचं असताना छंदाचा कप्पा रिकामा राहणं साहजिक आहे. सगळीकडे सारखे गुण मिळवण्याची धडपड करू नका. ज्याला तुम्ही महत्त्व देता त्याला तुमच्या हातून पुरेसं मिळतंय का, हे शोधायचं आहे.

त्यासाठी प्रत्येक कप्प्याला महत्त्वाचे १, २ किंवा ३ गुण द्या. अट एकच: ३ फक्त तीन कप्प्यांना द्यायचे. ही अट नसेल तर आपण सगळ्यालाच तीन देतो. मग दहातून समाधानाचे गुण वजा करा आणि उरलेल्याला महत्त्वाने गुणा. येणारा आकडा म्हणजे तूट.

जळगाव जिल्ह्यातल्या यावलकडच्या चाळिशीतल्या एका केळी उत्पादकाचं पान कल्पनेने मांडू. दहापैकी सहा कप्पे असे:

शरीर: समाधान ४, महत्त्व ३, तूट १८
देणं: समाधान ५, महत्त्व ३, तूट १५
विसावा: समाधान ३, महत्त्व २, तूट १४
मुलं: समाधान ६, महत्त्व ३, तूट १२
भाऊबंद: समाधान २, महत्त्व १, तूट ८
भजन-वाचन: समाधान ३, महत्त्व १, तूट ७

सर्वांत कमी गुण भाऊबंदांना आहेत. नुसत्या गुणांवर गेला असता तर हा माणूस वर्षभर बांधाच्या भांडणात डोकं घालत बसला असता. तूट मात्र शरीराच्या खात्यात सर्वांत मोठी आहे. एकूण गुणांची बेरीज किंवा सरासरी काढूच नका, ती काहीच सांगत नाही.

आठवड्याच्या तासांशी पडताळा

आठवड्यात १६८ तास असतात. सात दिवस रोज रात्री झोपण्याआधी पाच मिनिटं देऊन दिवसाचे तास वहीत टाका: झोप, काम, जाणंयेणं, घरकाम, घरच्यांसोबत, मोबाइल, रिकामे. मोबाइलचे तास अंदाजाने लिहू नका. अँड्रॉइड फोनच्या सेटिंगमध्ये ‘डिजिटल वेलबीइंग’ उघडलं की खरा आकडा दिसतो. महत्त्वाला ३ दिलेल्या कप्प्यात आठवड्याचे दोन तासही जात नसतील, तर एक तर महत्त्व खोटं लिहिलं आहे किंवा वेळ भलतीकडे जातोय.

आठवडा नेहमीसारखा निवडा. कापूस वेचणीचा, लग्नसराईचा किंवा कानबाईच्या रोटांचा आठवडा घेतला तर चित्र तिरकं येतं.

कारण शोधताना तीन खाती

सर्वांत मोठ्या तुटीचा एकच कप्पा घ्या आणि कारणं तीन गटांत टाका: माझ्या हातातलं, अर्धं हातातलं, हाताबाहेरचं. वरच्या उदाहरणात झोप मोडते, कारण शेतीपंपाची वीज रात्रीची आहे. विजेची पाळी हाताबाहेर आहे. मोटारीला ऑटो स्टार्टर (वीज आली की मोटार आपोआप सुरू करणारं यंत्र) बसवणं हातात आहे. भावाशी किंवा शेजाऱ्याशी रात्री वाटून घेणं अर्धं हातात आहे, कारण त्यासाठी दुसऱ्याचा होकार लागतो. काम पहिल्या गटातून सुरू करा.

पाऊल शिडीची एकच पायरी चढवणारं हवं. शरीर ४ वरून ५ वर नेण्यासाठी: या महिन्यात ऑटो स्टार्टर बसवायचा, आणि येत्या बाजाराच्या दिवशी तालुक्याला जाल तेव्हा सरकारी दवाखान्यात रक्तदाब व साखर तपासून यायची (तिशीनंतर ही तपासणी तिथे मोफत होते). तारीख आणि गोष्ट, दोन्ही लिहा. ‘तब्येतीकडे लक्ष द्यायचं’ हे पाऊल नव्हे.

मग ज्याचा बहुतेकांना विसर पडतो तो प्रश्न विचारा: यासाठी लागणारा वेळ आणि पैसा कोणत्या कप्प्यातून येणार? सकाळचा तास फिरायला दिला तर दूध डेअरीला कोण घालणार? हे आधी ठरलं नाही तर भार गुपचूप घरातल्या बाईवर जातो आणि तिच्या वहीतले गुण उतरतात.

जोडीदाराची वही

घरात दोघांनी वेगवेगळ्या वह्या भराव्यात आणि मग फक्त सामाईक कप्पे ताडून बघावेत: नातं, मुलं, देणं, आईवडील. तीन किंवा जास्त गुणांचं अंतर असेल तिथे बोला. सुरुवात ‘तुम्ही इतके कमी का दिलेत?’ अशी केली की समोरचा बचावाला लागतो. ‘एक पायरी वर जायला काय झालं पाहिजे?’ असं विचारलं तर नेमकं उत्तर मिळतं. आकडा बदलायला लावू नका. एकत्र कुटुंबात सासू-सुनेने एकमेकींना वह्या दाखवायची सक्ती तर अजिबात नको.

पुन्हा कधी

दर आठवड्याला गुण देणाऱ्यांना फक्त मनाचे चढउतार दिसतात. वर्षातून चार वेळा पुरे: अखाजी, पोळा, दिवाळी, संक्रांत. शेतीवर चालणाऱ्या घरात पैसा आणि दगदग हंगामाप्रमाणे फिरते, म्हणून पोळ्याचे गुण पुढच्या पोळ्याशी ताडून पाहा, दिवाळीशी नको. पोळ्याला कापूस शेतात उभा असतो आणि खर्च झालेला असतो. तेव्हा कमाईचा गुण उतरला म्हणून घाबरायचं कारण नाही.

मध्ये घरात मयत, बाळंतपण किंवा मोठं आजारपण झालं तर ती फेरी सोडून द्या आणि पानावर तसं लिहून ठेवा. एका गुणाची चढउतार मनावर घेऊ नका, दोन किंवा जास्तीची घ्या. दर वेळी नव्या पानावर आधी शिड्या वाचा, मग गुण द्या. मागचं पान तोपर्यंत कागदाने झाकून ठेवा आणि सगळे गुण लिहून झाल्यावरच उघडा.