अमेरिकन शेजाऱ्याशी ‘संधीचा देश’ या विषयावर कसं बोलावं

आधी त्यांच्या घराण्याची गोष्ट विचारा. न्यू जर्सीतल्या माझ्या शेजारीणबाईंचे आजोबा इटलीहून एलिस बेटावर, म्हणजे न्यूयॉर्कजवळच्या स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रावर उतरले. त्यांच्या लेखी अमेरिकेचं दार सगळ्यांना उघडंच. मग आपली बाजू मांडा, तीही सनावळीनिशी. १८८२ला चिनी मजुरांना बंदी. १९२३ला सर्वोच्च न्यायालयाने पंजाबातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना नागरिकत्वासाठी अपात्र ठरवलं. १९२४च्या देशनिहाय स्थलांतर-कोट्याने तर इटालियनांनाही अडवलं, हे आवर्जून सांगा. आपल्याला वाट मिळाली तो कोटा रद्द करणाऱ्या १९६५च्या कायद्याने. ग्रीन कार्डाची (कायम वास्तव्याच्या परवान्याची) देशनिहाय ७ टक्क्यांची मर्यादा, म्हणजे वर्षाच्या कोट्यातली साधारण इतकीच कार्डं एका देशात जन्मलेल्यांना, अनेकांनी ऐकलेली नसते; भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब का, ते शांतपणे समजावा. त्यांच्या गावातला कारखाना बंद पडला असेल, तर तेही मनापासून ऐका. संधी त्यांनाही हवीच आहे.