गराडूबरोबर कुठली बाटली? इंदूरमध्ये वाइन घेताना आणि बाहेर जेवताना

माझं औषधांचं होलसेलचं काम, दवा बाजारात. इन्सुलिन दोन ते आठ अंशांत राहिलं पाहिजे, नाहीतर डबीवरची तारीख कितीही पुढची असो, आतलं औषध कामातून जातं. पंचवीस वर्षं हेच बघत आल्यामुळे वाइन घ्यायला गेलो तरी माझी नजर आधी लेबलकडे जात नाही. बाटल्या कुठे ठेवल्यात, ते मी बघतो. इंदूरमध्ये वाइन घेणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं, असं मला मनापासून वाटतं.

आपल्याकडे दुकानांचा सगळा धंदा व्हिस्की-बिअरवर चालतो. बिअर फ्रिजमध्ये असते, कारण गिऱ्हाईक ती थंडच मागतं. व्हिस्कीला उन्हाळ्याचं फारसं काही वाटत नाही. वाइन मात्र सगळ्यात वरच्या फळीवर, ट्यूबलाइटला चिकटून उभी असते. उष्णता वर चढते आणि मे महिन्यात आपला पारा चाळिशी ओलांडतो. त्या फळीवर काय होत असेल, ते सांगायला नको.

दोन वर्षांपूर्वी लग्नाच्या वाढदिवसाला मी असंच फसलो. मे महिना होता. घाईत एका दुकानातून चांगली महागातली रेड घेतली. दुकानाची काच पश्चिमेला होती, बाटली काचेलगत होती, आणि मी ते पाहूनही घेतली. घरी वरचं वेष्टन सोलल्यावर बूच काचेच्या कडेच्या वर नखभर आलेलं दिसलं. बोट फिरवलं तर कडेला चिकट, काळपट ओघळ लागला. तापलेल्या वाइनने बूच वर ढकललं होतं आणि फटीतून हवा आत गेली होती. चव शिजून आटलेल्या जॅमसारखी, वास बसलेला. बायकोने एक घोट घेऊन ग्लास खाली ठेवला. तो आवाज अजून आठवतो.

तेव्हापासून घेण्याआधी बाटली हातात घेऊन तिच्या गळ्यावरून अंगठा फिरवतो. वेष्टन फुगलेलं किंवा चिकट लागलं तर परत ठेवतो. मग दुकानदाराला सरळ म्हणतो, "भैया, पीछे गोदाम में से दे दो, पेटी वाली." पेटीतली बाटली अंधारात राहिलेली असते. बहुतेक जण कुरकुर न करता आणून देतात. फिरकीच्या झाकणाची बाटली हलकी समजू नका. ताज्या व्हाइटसाठी आपल्या हवेत मला तीच बरी वाटते.

त्यानंतर साल बघा. नाशिककडे द्राक्षं साधारण जानेवारी ते मार्चमध्ये तोडतात, आणि लेबलवरचं साल त्या तोडणीचं असतं. शेनिन ब्लाँ, सोव्हिन्याँ ब्लाँसारखी साधी व्हाइट असेल तर दोन वर्षांपेक्षा जुनी मी घेत नाही. वाइन जितकी जुनी तितकी चांगली, हा समज या बाटल्यांना लागू नाही. नाशिकचा माल आग्रा रोडने सेंधव्याचा घाट चढूनच आपल्याकडे येतो. तो प्रवास थंडीत झालेला बरा, म्हणून वर्षभराची खरेदी मी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत उरकतो आणि बाटल्या घरातल्या सगळ्यात आतल्या कपाटात आडव्या ठेवतो. एप्रिलनंतर घेतलीच, तर बाटली गाडीच्या डिकीत ठेवून दुसऱ्या कामाला जाऊ नका.

आता आपल्या खाण्याबद्दल. इंदूरचं खाणं तळलेलं, तिखट, आंबट आणि वरून जीरावन, म्हणजे इथला चटपटीत कोरडा मसाला. सराफ्यात रात्री सोन्याची दुकानं बंद झाली की ओटल्यांपुढे जे मिळतं, ते जड रेडबरोबर खाऊ नये. रेडमधला तुरटपणा आणि मिरची समोरासमोर आली की जीभ पेटते. म्हणून थंडीत गराडू, म्हणजे तळलेल्या कंदाच्या फोडी, घरी आणले, गरमागरम, लिंबू पिळलेले, तर मी किंचित गोडसर शेनिन ब्लाँ काढतो. भुट्ट्याच्या किसालाही तीच. त्यातल्या दुधाचा गोडवा आणि हिरवी मिरची दोन्ही ती सांभाळून घेते. छप्पन दुकानातल्या खोपरा पॅटिससाठी कोरडी, म्हणजे गोड नसलेली, फेसाळ स्पार्कलिंग. फेसाने तेल धुऊन निघतं आणि पुढचा घास पहिल्यासारखा लागतो. दाल-बाफल्यावर (बाफला म्हणजे उकडून भाजलेला कणकेचा गोळा) तुपाची धार असते, तिला आंबटपणा हवा, म्हणून सोव्हिन्याँ. सीख कबाब आणले तर नाशिकची शिराझ किंवा अकलूजकडची सांजोवेजे, दोन्ही रेड. जिलेबीबरोबर काहीच नको. पुरणपोळीबरोबर मात्र लेट हार्वेस्ट, म्हणजे उशिरा तोडलेल्या द्राक्षांची गोड शेनिन घेऊन बघा. पदार्थाइतकी गोड वाइन नसेल तर ती आंबट लागते, हीच काय ती अट.

माझं मत असं की या शहरात उत्तम खाणं एकीकडे आणि वाइन दुसरीकडे मिळते. जिथे पोटभर, मनासारखं जेवतो, तिथे परवाना नसतो, आणि तिथे बाटली नेणं कायद्यातही बसत नाही. सर्वटे बस स्टँडपाशी जेवायचं तर ताकाबरोबर जेवा. वाइनच्या दिवशी जेवण पार्सल आणा, बाटली घरी उघडा.

विजयनगरकडच्या बारवाल्या रेस्टॉरंटात गेलातच, तर ग्लास मागवण्याआधी एकच प्रश्न विचारा: बाटली कधी उघडली? उघडलेली वाइन फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते, त्यापुढे नाही. वेटर आत जाऊन विचारून आला की समजावं, कोणी नोंद ठेवत नाही. आम्ही चौघं असलो तर सरळ बाटली मागवतो आणि टेबलावरच उघडायला सांगतो. साडेसातशे मिलीत दीडशेचे पाच ग्लास होतात, हिशोब बहुतेक वेळा बाटलीच्याच बाजूने पडतो. रेड कोमट आली तर बर्फाची बादली मागा, दहा मिनिटं ठेवा. 'रूम टेंपरेचर' हा शब्द थंड देशातल्या खोलीचा आहे, सोळा-अठरा अंशांचा. आपली खोली मेमध्ये पस्तिशीला असते. घरीही रेड अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवूनच मी उघडतो, व्हाइट तीन तास.

पाहुणे येणार असतील तर आधी विचारून घ्या. माझ्या आत्या रामबागेत राहतात, त्यांच्यासमोर मी बाटली काढत नाही आणि त्यांनाही ते ठाऊक आहे. उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वरला निघालात तर बाटली घरीच ठेवा. एप्रिल 2025 पासून तिथली दारूची दुकानं बंद आहेत.

उरलेली वाइन झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा, दाराच्या कप्प्यात नको, आतल्या फळीवर. झाकणावर स्केचपेनने उघडल्याची तारीख लिहा. आमच्याकडे ते काम मुलगी करते. ती एकवीसची झालेली नाही, त्यामुळे सध्या तिच्याकडे फक्त तारखेचं खातं आहे.