घोळणा फुटला तर मान मागे नको, पुढे

मे महिन्यात चाकरमान्यांची मुलं कोकणात येतात, दिवसभर उन्हात आंब्याखाली हुंदडतात आणि एखाद्याचा घोळणा फुटतो. गेल्या वर्षी आमच्या खळ्यात भाच्याचं तेच झालं. कुणीतरी घाईने त्याची मान मागे केली आणि थोड्याच वेळात पोराला रक्ताची उलटी झाली. सगळे हादरलो. पण ते रक्त नाकातलंच होतं. नाक मागच्या बाजूला घशात उघडतं, त्यामुळे मान मागे गेली की रक्त तिथून पोटात उतरतं.

बहुतेक वेळा रक्त येतं ते नाकाच्या मधल्या पडद्याच्या पुढच्या भागातून. तिथे नाजूक अस्तराखाली बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं, नुसतं बोट घातलं तरी फुटतं. म्हणूनच ते दाबून थांबतं. मुलाला बसवा, किंचित पुढे वाकवा, हाडाखालचा मऊ भाग चिमटीत धरा आणि तोंडाने श्वास घ्यायला सांगा. १० ते १५ मिनिटं, घड्याळ बघून. 'थांबलं का' म्हणून मध्येच चिमूट सोडू नका, बहुतेक जण तिथेच चुकतात. तोंडात आलेलं रक्त थुंकू द्या.

अर्ध्या तासानेही थांबलं नाही, किंवा डोक्याला मार लागून रक्त आलं, तर लगेच दवाखाना गाठा.