व्हिपल ऑपरेशन ठरले असेल तर

व्हिपल म्हणजे स्वादुपिंडाच्या डोक्यातली गाठ काढायचे मोठे ऑपरेशन. स्वादुपिंड पोटात अगदी मागे, कण्यासमोर आडवे असते. लांबी साधारण १५ सेंटीमीटर. त्याचे जाड टोक म्हणजे डोके. हे डोके लहान आतड्याच्या पहिल्या वळणात बसलेले असते आणि पित्तनळी त्यातूनच खाली उतरते. त्या जागी गाठ झाली की पित्ताची वाट बंद होते. डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते, शौच मातकट पांढरे होते, अंगाला खाज सुटते. पोट मात्र अनेकदा दुखतही नाही. अशी न दुखणारी कावीळ झाडपाल्यावर आणि पथ्यावर आठवडेच्या आठवडे काढू नका. सोनोग्राफीत पित्तनळी फुगलेली दिसली, तर पुढची तपासणी स्वादुपिंडासाठी खास पद्धतीने केलेला सीटी स्कॅन. त्यावरच ठरते की गाठ मोठ्या रक्तवाहिन्यांना चिकटली आहे का, आणि आधी ऑपरेशन करायचे की किमो.

स्कॅन स्पष्ट असेल आणि गाठ काढण्याजोगी असेल, तर बायोप्सीशिवायही (गाठीचा तुकडा आधी न तपासताही) ऑपरेशन करतात. त्यात निष्काळजीपणा नाही. आधी किमो द्यायची असेल तर मात्र बायोप्सी लागतेच. काविळीसाठी स्टेंटही, म्हणजे पित्ताची वाट मोकळी करणारी बारीक नळी, प्रत्येकाला लागत नाही. थंडी वाजून ताप येत असेल, रक्तातले बिलिरुबिन (काविळीचा आकडा) १५ च्या आसपास किंवा वर असेल, किंवा ऑपरेशन लांबणार असेल, तर स्टेंट घालतात. उगाच घातलेल्या स्टेंटमुळे पित्तात जंतुसंसर्ग होतो, म्हणून तो कशासाठी घालताय हे जरूर विचारा.

व्हिपलमध्ये स्वादुपिंडाचे डोके, त्याला चिकटलेले लहान आतड्याचे वळण, पित्ताशय आणि पित्तनळीचा खालचा भाग काढतात, कधी जठराचा शेवटचा तुकडाही. गाठ एवढीशी आणि काढायचे एवढे, असे घरचे म्हणतात. पण डोके आणि ते वळण यांचा रक्तपुरवठा सामाईक आहे, एक काढून दुसरे ठेवता येत नाही. मग आतड्याला तीन जोड द्यावे लागतात: उरलेल्या स्वादुपिंडाचा, पित्तनळीचा आणि जठराचा. एकूण चार ते सात तास.

यातला पहिला जोड सगळ्यात नाजूक. निरोगी स्वादुपिंड लोण्यासारखे मऊ असते, त्यात टाका धरत नाही. जुन्या आजाराने कडक झालेले स्वादुपिंड उलट टाका चांगला धरते. जोडातून रस झिरपला तर त्यातली पाचक द्रव्ये आजूबाजूच्या मांसाला आणि रक्तवाहिन्यांना खाऊ लागतात. म्हणून पोटात ड्रेनची नळी ठेवतात आणि साधारण तिसऱ्या दिवशी त्यातल्या पाण्यातले अमायलेज, म्हणजे स्वादुपिंडाच्या रसातले एक पाचक द्रव्य, तपासतात. ते रक्तातल्या सामान्य मर्यादेच्या तिपटीहून जास्त असेल, तर गळतीची शंका धरतात. बहुतेक गळत्या नळी जास्त दिवस ठेवल्याने आपोआप बंद होतात. त्यामुळे नळीसकट घरी पाठवले तर घाबरू नका, पण पिशवीतल्या पाण्याचा रंग आणि माप रोज वहीत लिहा.

हे ऑपरेशन कुठे करून घ्यायचे, याचा निर्णय घाईत घेऊ नका. सर्जनला थेट विचारा: तुमच्याकडे वर्षाला अशी किती ऑपरेशने होतात? २० किंवा त्याहून जास्त असतील तर चांगले. रात्री दोन वाजता रक्तस्राव झाला तर अँजिओग्राफी करून तो थांबवणारे डॉक्टर उपलब्ध आहेत का? अनुभवी केंद्रात गुंतागुंत होतच नाही असे नाही, तिथे ती वेळेवर ओळखली जाते. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या ठिकाणी ताटकळावे लागते, पण त्या थांबण्याचे मोल आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून करायचे असेल, तर दाखल होण्याआधीच आरोग्यमित्राकडून (रुग्णालयात बसणारा योजनेचा माणूस) पॅकेजची खात्री करून घ्या.

आधीचे तीन-चार आठवडे फुकट घालवू नका. विडी-सिगारेट बंद, तंबाखू आणि मिश्रीसुद्धा. रोज अर्धा तास चाला. तीन चेंडूंचे फुंकणीयंत्र आत्ताच आणा आणि श्वास आत ओढून चेंडू वर धरायचा सराव करा, कारण ऑपरेशननंतर टाके दुखत असताना ते शिकता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी थांबवायच्या हे डॉक्टरच ठरवतील, स्वतःहून नको. व्हिपलऐवजी स्वादुपिंडाच्या दुसऱ्या, शेपटाकडच्या टोकाचा भाग काढायचा असून प्लीहाही निघणार असेल, तर न्यूमोकोकल, मेनिंगोकोकल आणि हिब या लशी निदान दोन आठवडे आधी घ्या.

ऑपरेशननंतर एक-दोन दिवस आयसीयू, दुसऱ्या दिवसापासून आधाराने उठणे-चालणे. जठर काही दिवस मंदावते, खाल्लेले पुढे सरकत नाही, उलटी होते. यात नाकातली नळी पुन्हा घालावी लागू शकते. जोड बिघडला असेलच असे नाही. सगळे सुरळीत असेल तर ८ ते १२ दिवसांत घरी.

घरी आल्यावर खरी गडबड जेवणात होते. पाचक रस कमी पडतो, म्हणून पॅन्क्रिएटिनच्या कॅप्सूल देतात, आणि त्या चुकीच्या घेतल्या जातात. दिवसातून तीनदा, जेवणानंतर, एक-एक, अशी घेतलेली कॅप्सूल जवळजवळ वाया जाते. तिला अन्नासोबत पोटात उतरायला हवे. पहिल्या घासाबरोबर एक, जेवणाच्या मध्यावर दुसरी. पाकिटावर १०,००० किंवा २५,००० युनिट असे लिहिलेले असते, ते वाचा. मुख्य जेवणाला साधारण ४०,००० ते ५०,००० युनिट लागतात आणि शेंगदाण्याचा लाडू किंवा दूध-बिस्किटासारख्या मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे. नेमका डोस डॉक्टर ठरवतील. चघळू नका, गरम चहासोबत घेऊ नका. गिळता येत नसेल तर कॅप्सूल उघडून आतले बारीक दाणे चमचाभर सफरचंदाच्या गरात घालून न चावता गिळा आणि वर पाणी प्या, कारण दाणा तोंडात राहिला तर छाले पडतात. डबी उन्हात किंवा चुलीजवळच्या फळीवर ठेवू नका, उष्णतेने औषध निकामी होते. या कॅप्सूल डुकराच्या स्वादुपिंडापासून बनतात. ज्यांना हे अडचणीचे वाटते त्यांनी डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे, गुपचूप बंद करू नये.

डोस पुरतो की नाही हे शौच सांगते. तेलकट, फिकट, उग्र वासाचे, भांड्याला चिकटणारे किंवा पाण्यावर तरंगणारे शौच म्हणजे चरबी पचत नाही. अशा वेळी घरचे लगेच तूप-तेल बंद करतात आणि वजन आणखी उतरते. तूप तोडण्याआधी कॅप्सूलचा डोस वाढवायचा का, ते विचारा. दिवसातून सहा वेळा थोडे-थोडे खा: मऊ भात-वरण, मुगाची खिचडी, नाचणीची आंबील, अंडे, पनीर, दही. साखर तपासत राहा, मधुमेह नव्याने सुरू होऊ शकतो. अ, ड, ई, के ही जीवनसत्त्वे कमी पडतात, त्यांचेही विचारा.

काही गोष्टींसाठी सकाळची वाट पाहायची नसते. ड्रेनमध्ये चमचाभर का होईना पण ताजे रक्त, रक्ताची उलटी, डांबरासारखे काळे शौच, थंडी वाजून १०० च्या वर ताप, पुन्हा पिवळे डोळे, सतत उलट्या. विशेषतः ड्रेनमधले थोडेसे रक्त मोठ्या रक्तस्रावाची आधीची सूचना असू शकते. थांबले म्हणून झोपू नका, त्याच रात्री ऑपरेशन झालेल्या रुग्णालयात जा.

सहा-आठ आठवडे भरलेली बादली, सिलेंडर उचलू नका. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टमध्ये काढलेल्या भागाच्या कडा गाठीपासून मोकळ्या आहेत का आणि किती लसिका ग्रंथी तपासल्या, हे समजून घ्या. कर्करोग असेल तर किमो साधारण तीन महिन्यांच्या आत सुरू करतात, आणि वजन ढासळलेल्या माणसाला ती झेपत नाही. पहिल्या फेरतपासणीला जाताना आठवड्याच्या वजनाची नोंद, ड्रेनची वही, साखरेचे आकडे आणि कॅप्सूलचे पाकीट सोबत न्या.