गोल्फचे कपडे घेताना: ट्रायल रूममध्येच स्विंग करून पाहा

चालत अठरा होल, म्हणजे गोल्फची एक पूर्ण फेरी, खेळायला साधारण चार ते साडेचार तास लागतात. एवढा वेळ उन्हात अंगावर राहणारा कपडा नुसता आरशासमोर उभं राहून कळत नाही.

आधी क्लबला फोन करून ड्रेसकोड विचारा. बहुतेक ठिकाणी कॉलरचा शर्ट लागतो. जीन्स आणि कार्गो पॅन्ट चालत नाहीत. शॉर्ट्सबद्दल मात्र वेगळं विचारा, कारण नियम सगळीकडे सारखे नाहीत. अमेरिकेत व्यावसायिक गोल्फ स्पर्धा भरवणाऱ्या पीजीए टूरने 2019 मध्ये सरावाच्या आणि प्रो-ॲमच्या (व्यावसायिक आणि हौशी खेळाडू एकत्र खेळतात त्या) फेऱ्यांसाठी शॉर्ट्सना परवानगी दिली, पण स्पर्धेत खेळाडू फुल पॅन्टच घालतात.

शर्टाला सगळ्यात जास्त वेळ द्या. तो पॅन्टमध्ये खोचून दोन्ही हात डोक्यावर न्या. शर्ट बाहेर आला, तर लांबी कमी आहे किंवा बाहीचा मुंढा फार खाली आहे. इथे बरेचजण एक साइज मोठा घेतात आणि फसतात: मोठ्या साइजचा मुंढा आणखी खाली येतो, त्यामुळे हात उचलला की अख्खा शर्ट वर ओढला जातो. नंतर बॅकस्विंग करा, म्हणजे फटक्याआधी काठी मागे नेतो तसे हात मागे न्या. उजव्या हाताने खेळणाऱ्याचा डावा हात छातीवरून आडवा जातो. तेव्हा पाठीत ताण बसला तर तो शर्ट परत ठेवा. कापड पॉलिस्टर आणि थोडं स्पॅन्डेक्स असलेलं बरं. सुती शर्ट घाम शोषतो खरा, पण तो धरून ठेवतो आणि जड होतो. फिक्या राखाडी रंगावर घामाचे डाग लगेच उठून दिसतात. पांढरा किंवा गडद निळा घ्या.

पॅन्ट घालून उकिडवं बसा, पटची (चेंडू हलकेच होलकडे ढकलायच्या फटक्याची) रेषा बघायला बसतो तसं. खिशात चेंडू आणि टी (चेंडू ठेवायची छोटी खुंटी) ठेवून बसलात तर काचतं का तेही कळेल. पॅन्ट बुटाच्या वर टेकेल एवढीच लांब ठेवा; टाचेखाली गेली की सकाळच्या दवात भिजते.

बूट संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. स्पाइक मऊ प्लॅस्टिकचे हवेत. धातूच्या स्पाइकने ग्रीन (होलभोवतीचं बारीक कापलेलं गवत) खराब होतं, म्हणून बहुतेक क्लब ते चालू देत नाहीत. हातमोजा उजव्या हाताने खेळणाऱ्याने डाव्या हातात घालायचा. चामडं वापराने सैल पडतं, म्हणून नवा मोजा घट्टच हवा आणि बोटांच्या टोकाशी मोकळी जागा नको. खेळ संपल्यावर तो चुरगळून बॅगेत कोंबू नका, घामाने कडक होतो. सपाट करून सावलीत वाळवा.

धुताना शर्ट उलटा करून गार पाण्यात टाका आणि फॅब्रिक सॉफ्टनर अजिबात वापरू नका. त्याचा थर धाग्यांवर बसतो, मग कापड घाम बाहेर खेचत नाही. महागडा शर्ट काही धुण्यांतच कुबट वास मारू लागतो. तसं झालंच, तर बादलीभर पाण्यात अर्धा कप पांढरं व्हिनेगर घालून अर्धा तास भिजवा, मग नेहमीसारखा धुवा. वाळत सावलीतच घाला, इस्त्री अगदी कमी तापमानावर फिरवा. जास्त उष्णतेने स्पॅन्डेक्सचा ताण जातो.