५.० पीएचचे ॲसिटेट बफर कसे तयार करावे

एक लिटर साध्या पाण्यात १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे १० मिली टाकले, तर पीएच ७ वरून थेट २ वर येतो. तेवढेच ॲसिड खाली दिलेल्या बफरमध्ये (पीएच फारसा बदलू न देणाऱ्या द्रावणात) टाकले, तर हिशेबाने तो ५.० वरून फक्त ४.८२ होतो. बफरमधले ॲसिटेट आलेले हायड्रोजन आयन पकडते आणि त्याचे ॲसिटिक ॲसिड बनते. अल्कली आली, तर हेच ॲसिटिक ॲसिड तिला उदासीन करते. पीएच ठरतो तो या दोघांच्या प्रमाणावर.

ॲसिटिक ॲसिडचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला ॲसिड आणि ॲसिटेट समसमान असतात तो आकडा, ४.७६. पीएच ५.० हवा म्हणजे ०.२४ चा फरक, म्हणून ॲसिटेट ॲसिडच्या १.७४ पट (१० चा ०.२४ वा घात) घ्यायचे. ०.१ मोलरच्या १ लिटरसाठी ॲसिटेट ०.०६३५ मोल आणि ॲसिड ०.०३६५ मोल.

१. सोडियम ॲसिटेट ट्रायहायड्रेट (स्फटिकात पाणी असलेला क्षार) ८.६४ ग्रॅम तोलून सुमारे ८०० मिली डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवा. बाटलीवरचे लेबल आधी वाचा! निर्जल क्षार असेल तर ५.२१ ग्रॅमच लागतो. चुकून तोही ८.६४ ग्रॅम घेतला, तर पीएच ५.२ च्या वर जातो.

२. फ्यूम हूडमध्ये, हातमोजे घालून, ग्लेशियल (जवळजवळ शुद्ध, बिनपाण्याचे) ॲसिटिक ॲसिड २.१ मिली पिपेटने घाला. पिपेट तोंडाने ओढू नका. थंडीत हे ॲसिड १६-१७ अंशांखाली बाटलीतच गोठते. बाटली कोमट पाण्यात ठेवली की पुरे.

३. ४ आणि ७ च्या बफरने कॅलिब्रेट केलेल्या मीटरवर पीएच पाहा. ४.९ च्या आसपास दिसला तर घाबरू नका: द्रावणातल्या आयनांमुळे पीकेए थोडा खाली सरकतो. १ मोलर सोडियम हायड्रॉक्साइड थेंबाथेंबाने घालून ५.० वर आणा.

४. मग व्हॉल्युमेट्रिक फ्लास्कमध्ये ओतून, बीकर खळबळून तेही पाणी त्यात घ्या आणि खुणेपर्यंत भरा. आधी खुणेपर्यंत भरून नंतर पीएच जुळवू नका, आकारमान बिघडते.

बाटली फ्रिजमध्ये ठेवा. ॲसिटेटवर बुरशी धरते. तंतू किंवा गढूळपणा दिसला की फेकून द्या.

हे बफर साधारण ३.८ ते ५.८ या टप्प्यातच कामाचे. पीएच ७ साठी फॉस्फेट बफर घ्या. शिवाय ताकदीलाही मर्यादा आहे: सुरुवातीला सांगितलेल्या १ मोलर हायड्रोक्लोरिक ॲसिडचे ७० मिली टाकले की ॲसिटेट संपते आणि पीएच २.२ च्या आसपास कोसळतो. जास्त ॲसिड पेलायचे असेल, तर प्रमाण तेच ठेवून दोन्ही पदार्थ दुप्पट घ्या.