क्लीव्हलँड: एक रस्ता, दोन टोकं आणि संध्याकाळचं तिकीट

ओहायोतलं क्लीव्हलँड हे पावणेचार लाखांच्या आत-बाहेर वस्तीचं शहर. पण नाटक-संगीत-चित्रकलेच्या बाबतीत त्याचा पसारा दुप्पट मोठ्या शहराला शोभेल असा आहे. हा पसारा मुख्यतः दोन ठिकाणी एकवटलेला आहे: डाउनटाउनमधला प्लेहाउस स्क्वेअर आणि पूर्वेला सुमारे चार मैलांवरचं युनिव्हर्सिटी सर्कल. दोन्ही युक्लिड अव्हेन्यूवर. त्या रस्त्यावरून हेल्थलाइन नावाची बस धावते. ती रात्रभर चालू असते आणि एका टोकाहून दुसऱ्या टोकाला वीस-पंचवीस मिनिटांत पोहोचवते.

म्हणून गाडी भाड्याने घेण्याआधी विचार करा. विमानतळावरून रेड लाइन ट्रेन अर्ध्या तासात डाउनटाउनमधल्या टॉवर सिटी स्थानकाला आणते आणि तीच पुढे युनिव्हर्सिटी सर्कलपर्यंत जाते. एका फेरीचं भाडं अडीच डॉलर, दिवसभराचा पास पाच डॉलर. दिवसात तिसऱ्यांदा चढलात की पासचे पैसे वसूल. तिकीट बसमध्ये चढण्याआधीच काढून ठेवा, ऐनवेळी मशीनसमोर सुटे पैसे शोधण्यात बस निघून जाते.

बेत आखताना सुरुवात वारापासून करा, ठिकाणांपासून नको. सोमवारी युनिव्हर्सिटी सर्कलमधलं क्लीव्हलँड म्युझियम ऑफ आर्ट बंद असतं आणि बहुतेक रंगमंचही सामसूम असतात. सोमवारच हाती आला, तर तो डाउनटाउनला ईरी सरोवराकाठच्या रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम या संग्रहालयाला द्या. आय. एम. पेई यांनी आरेखन केलेली ही इमारत १९९५ मध्ये उघडली. तिकीट पस्तीस डॉलरच्या वर जातं, त्यामुळे रॉक संगीताशी काही देणंघेणं नसेल तर खुशाल वगळा.

सगळ्यात फायद्याचा वार शुक्रवार. बुधवारी आणि शुक्रवारी म्युझियम रात्री नऊपर्यंत उघडं असतं, एरवी पाचला बंद होतं. कायमच्या संग्रहाला प्रवेश फुकट आहे, पैसे लागतात ते खास प्रदर्शनांना आणि पार्किंगला. पश्चिमेकडच्या दालनांत भारत आणि आग्नेय आशियाचा संग्रह आहे. चोळकालीन नटराज आणि कंबोडियाहून आलेला गोवर्धनधारी कृष्ण या दोघांपुढे घाई करू नका. पार्किंगमधून थेट आत शिरणाऱ्यांची एक गोष्ट हमखास चुकते: दक्षिणेच्या जुन्या पायऱ्यांवरचा शिल्पकार रोदँचा ‘थिंकर’ हा पुतळा. १९७० मध्ये कोणीतरी त्याच्याखाली बॉम्ब लावला आणि पायांचा खालचा भाग उडाला. म्युझियमने तो दुरुस्त न करता तसाच पुन्हा उभा केला. तेव्हा इमारतीला वळसा घालून मुद्दाम तिकडे जा.

त्या पायऱ्यांवरून तळं ओलांडलं की दहा मिनिटांत सेव्हरन्स हॉल. क्लीव्हलँड ऑर्केस्ट्राचं १९३१ पासूनचं हे घर, आताचं नाव सेव्हरन्स म्युझिक सेंटर. छतावरची चंदेरी नक्षी देणगीदार जॉन सेव्हरन्स यांच्या पत्नी एलिझाबेथ यांच्या लग्नाच्या पोशाखाच्या लेसवरून घेतली, असं सांगतात. हंगाम साधारण सप्टेंबरअखेर ते मे, कार्यक्रम बहुतेक गुरुवार ते रविवार. तिकिटावरची वेळ मात्र दोनदा वाचा, कारण काही शुक्रवारी मैफल सकाळी अकराची असते. स्वस्त तिकिटाची लाज वाटू देऊ नका. बाल्कनीत वादक लहान दिसतात, पण आवाज उत्तम पोहोचतो. उशीर झाला तर दोन रचनांमधला थांबा येईपर्यंत दाराबाहेर उभं राहावं लागतं. आणि सिम्फनीच्या दोन भागांमध्ये शांतता पसरली की टाळ्या वाजवायचा मोह आवरा, कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा.

जुलै-ऑगस्टमध्ये ऑर्केस्ट्राचा मुक्काम मुख्यतः दक्षिणेला ब्लॉसम म्युझिक सेंटरला असतो. तिथे शहराची बस जात नाही, गाडी हवीच. हिरवळीवर बसायचं तर सतरंजी आणि रेनकोट न्या, कारण छप्पर फक्त खुर्च्यांवर आहे. ऑर्केस्ट्राच्या मैफलींना अठरा वर्षांखालच्या मुलांना हिरवळीवर फुकट प्रवेश असतो.

प्लेहाउस स्क्वेअरची पाच जुनी थिएटरं १९२१-२२ मध्ये उघडली. सत्तरच्या दशकात त्यातली काही पाडायचीच ठरली होती. तिथली नेहमीची चूक म्हणजे ‘प्लेहाउस स्क्वेअर’ एवढंच लक्षात ठेवून निघणं. स्टेट, ओहायो आणि पॅलेस शेजारी-शेजारी आहेत, हॅना मात्र ईस्ट फोर्टीन्थ स्ट्रीटवर. शिवाय स्टेटची लॉबी ३२० फूट लांब आहे: प्रेक्षागृह मागच्या स्वस्त जागेवर बांधलं आणि दार तेवढं युक्लिडवर आणलं. त्यामुळे दारात पोहोचणं म्हणजे खुर्चीत पोहोचणं नव्हे. अर्धा तास आधी जा. लॉबीतली जेम्स डॉर्टी यांची भित्तिचित्रं तेवढ्यात बघून होतात. बाहेर चौकात टांगलेलं वीस फुटी झुंबर अंधार पडल्यावरच खुलतं.

तिकिटं प्लेहाउसस्क्वेअर डॉट ऑर्गवरूनच घ्या. सर्चमध्ये सगळ्यात वर दिसणाऱ्या साइट अनेकदा पुनर्विक्रेत्यांच्या असतात. नाव हुबेहूब, किंमत भलतीच. न्यूयॉर्कहून फिरतीवर आलेल्या मोठ्या संगीतिका महाग असतात. त्याऐवजी हॅनामध्ये ग्रेट लेक्स थिएटरचं शेक्सपिअर किंवा ॲलनमध्ये क्लीव्हलँड प्ले हाउस या नाट्यसंस्थेचं नाटक निवडलंत, तर कमी पैशांत रंगमंचाच्या कितीतरी जवळ बसता येतं. १९१५ मध्ये सुरू झालेलं, कृष्णवर्णीय रंगभूमीचं जुनं केंद्र असलेलं करामू हाउसही यादीत ठेवा. तिथे जायला मात्र युक्लिड सोडावा लागतो.

इस्टरच्या सुमारास येणार असाल, तर क्लीव्हलँड स्टेट युनिव्हर्सिटीतला त्यागराज महोत्सव तपासा. १९७८ पासून चालत आलेला हा कर्नाटक संगीताचा मोठा उत्सव प्लेहाउस स्क्वेअरपासून चालण्याच्या अंतरावर भरतो. त्या आठवड्यांत जवळची हॉटेलं लवकर घ्या आणि लोकरी कपडे बॅगेतच असू द्या. एप्रिलमध्येही सरोवरावरून बर्फ येऊ शकतं, आणि रात्री बस थोडी जास्त वेळाने येते.